पाखरांच्या साहेबाला गंध

माझ्या पोटात दुखत होतं, असं आमच्या भांडीवाल्या बनुबाईपासून घरातले सगळे म्हणत. दुखत होतं! दुखणार नाही तर काय? तुमच्या बुडाखालचा पाट कोणी ओढून घेतला आणि वर तुम्हालाच "वहिनी, जरा कोमट पाणी आणता का" असं म्हटलं, तर तुम्ही काय तिला आरती ओवाळाल?

पाट म्हणजे खरोखरचाच पाट, लाकडाचा. आमचं घर साताऱ्यात, शनिवार पेठेत. मामंजी, म्हणजे माझे सासरे, सरकारी रस्त्यांच्या खात्यात ओव्हरसियर होते. कोयनेपासून महाबळेश्वरापर्यंत रस्त्यांची कामं बघता बघता त्यांना दोन नाद लागले, एक पाखरं बघायचा आणि दुसरा पोस्टाची तिकिटं जमवायचा. पेन्शनीत आल्यावर रोज सकाळी गळ्यात दुर्बीण अडकवून ते अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला जायचे, आणि संध्याकाळी माजघरात बैठ्या मेजापुढे तिकिटांचा आल्बम उघडून बसायचे. त्यांच्या उजव्या हाताला एक पाट मांडलेला असे. मी लग्न होऊन आले त्याच वर्षी मामंजींनी मला त्या पाटावर बसवलं.

तिकिटं सोडवायचं काम माझं. पाकिटाचा कोपरा कापायचा, कोमट पाण्याच्या ताटलीत घालायचा आणि गोंद आपणहून सुटेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. सुटलं की चिमट्याने अलगद उचलून टीपकागदावर पालथं घालायचं. घाई केली की तिकीट सोललंच म्हणून समजा. माझ्या ताटलीत एक तिकीट कधी फाटलं नाही. एकच गेलं, तेही पाण्यात नाही. मी माहेराहून आणलेलं निजामाच्या राज्यातलं, उर्दू अक्षरांचं जुनं तिकीट टीपकागदावर वाळत होतं, ते कागदासकट बंबात गेलं. मी बनुबाईला काय काय बोलले तेव्हा! ती आपली गळ्याची शपथ घेऊन सांगत होती, "आवं वैनी, म्या न्हाई टाकलं." पण बंब पेटवायची तीच, मग दुसरं कोण टाकणार?

मी इंग्रजी चौथीतून शाळेतून काढलेली मुलगी. पेरू कुठं आणि स्वीडन कुठं हे मला त्या ताटलीनं शिकवलं. एरवी दिवसभर मी सूनबाई, वहिनी, "अगं ऐकलंस का". पाटावर बसले की मामंजी पूर्ण नावानं हाक मारायचे, "चारुलता, हा देश कुठला, सांग बघू." मी सांगायची. तेवढा वेळ मला मी कोणीतरी आहे असं वाटायचं. सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "बसला का दरबार?" आणि वाती वळत राहायच्या.

सासूबाईंचंही सांगून ठेवते. त्यांना मोतीबिंदू होता. होता असं त्या म्हणत. डोळ्यांनी दिसत नाही म्हणून शिवण कधी हातात धरायच्या नाहीत, पण माझ्या पोळीवरचा करपलेला डाग त्यांना ओसरीवरून दिसायचा. मामंजी पाखरांमागे गेले की देवांचं सगळं त्यांच्यावर पडे. आमच्या देवघरातले चांदीचे टाक नखाएवढे, पण प्रत्येकाला अनामिकेनं गंधाचा ठिपका कसा बरोब्बर कपाळावर. इकडं नाही की तिकडं नाही.

तर मामंजींना एका तिकिटाचा ध्यास लागला होता. अमेरिकेनं दुसऱ्या मोठ्या लढाईच्या सुरुवातीला आपल्याकडच्या नामवंतांची तिकिटं काढली, त्यात शास्त्रज्ञांचा पाचांचा संच होता. चार मामंजींकडे होती. दोन डॉक्टर, एक झाडांची कलमं करणारा, आणि एक बाईसुद्धा. नव्हता तो पाखरांचा साहेब. ऑड्युबॉन नाव त्याचं. शंभरएक वर्षांपूर्वी रानोमाळ हिंडून त्यानं अमेरिकेतल्या पाखरांची चित्रं काढली होती, आणि वाचनालयातल्या कुठल्याशा इंग्रजी मासिकात त्याच्याबद्दल वाचल्यापासून मामंजींचा तो देवच झाला होता. तिकीट हिरवं, एक सेंटचं, संचातलं सगळ्यात स्वस्त. पण एवढ्याशा तिकिटावर अमेरिकेतून साताऱ्याला पत्र येणार कसं? मी ओळखीपाळखीत सगळीकडे विचारून ठेवलं होतं. ते तिकीट मीच आणून मामंजींच्या हातावर ठेवणार, असं मी मनाशी धरून चालले होते.

आणि मग आमच्या घरात उमा आली.

लढाई संपल्याच्या दुसऱ्या वर्षी, वैशाखात, धाकट्या भावजींचं लग्न झालं. उमा मिरजेची, मॅट्रिक पास. दिसायला बरी, म्हणजे चांगलीच, आणि स्वभावानं इतकी गोड की तिच्याशी भांडायला कारण मिळेना. त्यानंच तर माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तिचे वडील मिरजेला मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर. ही श्रावणात माहेरी जाऊन आली ती ट्रंकेत एक पाकीट घेऊन. दवाखान्यातल्या अमेरिकन डॉक्टरिणीला आलेलं ते पाकीट होतं. कोपऱ्यात विमानाच्या टपालाचं मोठं तिकीट, आणि वजन जास्त भरलं म्हणून शेजारी एक हिरवं चिकटवलेलं. त्यावर तोच साहेब, मानेपर्यंत रुळणारे केस, रोखून बघणारे डोळे. शिक्क्याची एक रेघ तेवढी खांद्यावरून गेलेली, चेहरा अगदी स्वच्छ.

मामंजींच्या हातातला चहा तसाच राहिला. "उमा," ते म्हणाले, "अगं, हे काय आणलंस तू!" आवाज कापत होता त्यांचा. एवढ्या वर्षांत माझ्यासाठी तो आवाज एकदाही कापला नव्हता.

मी लगबगीनं आत गेले, पाणी कोमट केलं, ताटली घेऊन बाहेर आले. बघते तर पाटावर उमा. मामंजींनीच बसवलं होतं. तिनं माझ्याकडे बघून हसत विचारलं, "वहिनी, फार गरम नाही ना हो?"

मी ताटली ठेवली आणि तिथंच उभी राहिले. पाहुणी आल्यासारखी, माझ्याच जागेपाशी.

त्या दिवसापासून पाट तिचा झाला. ती घडाघडा इंग्रजी वाचायची, त्या साहेबाचं चरित्र वाचनालयातून आणून मामंजींना वाचून दाखवायची, आणि मामंजी "वा! वा!" करायचे. माझ्याकडे राहिलं पाणी. हाक आली की ताटली न्यायची, ठेवायची, परत फिरायचं. तळपायाची आग मस्तकात जायची माझ्या. यांना सांगितलं, तर हे म्हणाले, "एवढ्याशा पाटावरून काय घेऊन बसलीस?" हे मामलेदार कचेरीत कारकून. मी म्हटलं, "उद्या कचेरीत तुमच्या खुर्चीवर दुसरा कोणी बसला आणि तुम्हाला पाणी भरायला लावलं, मग सांगा मला." हे पांघरूण ओढून झोपी गेले.

बनुबाई भांडी घासता घासता माझ्याकडे बघून गालात हसायची. "वैनी, लय जळू नगा. कढई करपली बगा तुमची."

"तू तुझी भांडी घास."

"घासतीय की. पन धाकल्या वैनीचं नाव काडलं की तुमी पळी आपटताय. दांडा वाकला तिचा."

एकदा तेवढी मजा आली. उमा वाचत होती आणि वाचता वाचता अडखळली. मी दारातच होते, म्हटलं, "वाच की पुढं." तर त्या साहेबानं पाखरांची चित्रं काढली ती आधी पाखरं बंदुकीनं मारून, मग त्यांना तारांनी उभी करून! मामंजींनी चष्मा काढला. ते तर चिमणीला दगड मारणाऱ्या पोराच्या घरी जाऊन त्याच्या बापाला बोलून येणारे. मी आपलं साळसूदपणे विचारलं, "म्हणजे शिकारी होता वाटतं उमाबाईंचा साहेब?" मामंजींनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "त्या काळी दुर्बिणी अशा नव्हत्या गं." झालं. ज्याला माफ करायचं ठरलंय त्याला माणूस काहीही करून माफ करतं.

भाद्रपदात मी चार दिवस माहेरी सांगलीला गेले. लोकांना वाटलं आईची आठवण आली. आठवण कसली, मला तिकीट हवं होतं. उमाच्या तिकिटापेक्षा चांगलं, कोरं, शिक्काही न पडलेलं. आमच्या अण्णांची हळदीची अडत. पेठेत दुकान, हरिपूरला हळदीची पेवं. लहानपणी आमच्या घरात पांढरं काही पांढरं राहायचं नाही, कपडे, मांजर, पाव्हणे, सगळं पिवळं. मी अण्णांच्या दुकानातला सगळा टपालाचा ढीग उपसला. हैदराबाद, मुंबई, राजापूर. जिकडंतिकडं आपला पंचम नाही तर सहावा जॉर्ज.

"अण्णा, अमेरिकेतून नाही का हो येत काही?"

अण्णा हळकुंड मोडून बघत होते. "अमेरिकेत आमटी करतात का?" ते म्हणाले. "हळद खात नाहीत ते लोक. कशाला पत्र पाठवतील मला?"

मी रिकाम्या हातानं परत आले. मिरज स्टेशनात गाडी थांबली तेव्हा दवाखान्याच्या दिशेनं बघवेना मला.

मग दसरा आला.

दसऱ्याला आमच्याकडे पाटीपूजन असतं. पाटीवर सरस्वती काढायची आणि तिच्यापुढं पोथ्या, यांची कचेरीतली दौत, भावजींची पुस्तकं, मामंजींची दुर्बीण आणि तिकिटांचा आल्बम मांडायचा. आल्बम दरवर्षी मिटलेला असतो. यंदा उमा म्हणाली, "मामंजी, यंदा संच पुरा झाला. ते पान उघडंच ठेवू या ना." मामंजींना काय, उमा म्हणेल ती पूर्व दिशा. आल्बम उघडला, आणि सरस्वतीच्या बरोब्बर पुढं तो हिरवा साहेब विराजमान झाला.

सासूबाई फुलांची परडी घेऊन आल्या. वाकून बघत म्हणाल्या, "हा कोण बसवलाय इथं?"

"मोठा माणूस आहे," मामंजी म्हणाले. "तुला सांगून काय कळणार?"

सासूबाईंनी परडीतला झेंडू उचलला तसा मामंजींनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला. "तू नको. तुला दिसत नाही. ओलं लागायचं त्याला." आणि देठ पुसून, पाकळ्या झटकून, त्यांनी स्वतःच ते फूल साहेबापुढं बेतानं ठेवलं. सासूबाईंनी हात पदराला पुसले. परडी घेऊन आत गेल्या.

दुपारी गुळाच्या पुरणाच्या पोळ्या झाल्या. साखर रेशनवर, त्यामुळं श्रीखंडाचं नाव कोणी काढलं नव्हतं. जेवणं जड झाली आणि सगळे आडवे झाले. मी मागच्या पडवीत लवंडले. शिलंगणाला निघायची वेळ झाली तेव्हा मामंजी जरीचा रुमाल बांधून, आल्बम आवरायला म्हणून देवघरात गेले.

"अरे देवा!"

आम्ही धावलो. साहेबाला गंध लावलेलं होतं. साधंसुधं नाही, चांगलं सढळ हातानं उगाळलेलं चंदन, आणि वरून कुंकू. तोंड दिसतच नव्हतं. केसांच्या बटा आणि कोटाची कॉलर तेवढी शिल्लक.

"मी लावलं," सासूबाई म्हणाल्या. मागं दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. "पूजेत मांडलेल्या फोटोला गंध नको? सगळ्या पोथ्यांना लावलं, याला एकट्याला का वगळायचं? मला मेलीला काय दिसतंय, कपाळ कुठं आणि हनुवटी कुठं."

यावर मामंजी काय बोलणार? पूजेत मांडलं त्यांनीच. ते मटकन खाली बसले, रुमाल काढून मांडीवर ठेवला. उमा ओठ दाबून रडायला लागली. आणि मी? माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. खोटं कशाला बोलू? मी पदर तोंडात धरून पडवीत पळाले, कारण चेहऱ्यावरचं हसू आवरेना. बरं झालं! चांगलं झालं! आता बघू, पाटावर कशी बसते ती.

पडवीत उभी होते तोवर उमा लगबगीनं बाहेर आली. डोळे पुसत होती. एका हातात आल्बमातून सोडवलेलं तिकीट चिमट्यात धरलेलं, दुसऱ्या हातात साबणाची वडी. कोनाड्यातली ताटली तिनं घेतली, पाणी ओतलं आणि साबण फिरवून फेस करायला लागली.

हळदीच्या घरची मुलगी मी. कुंकू म्हणजे काय? हळदच ती. हळदीला साबण लागला की ती पेटते, लालभडक होते आणि कागदात शिरून बसते, हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत. ते तिकीट त्या फेसात बुडालं असतं की साहेब जन्मभर लाल तोंडाचा राहिला असता. आणि कोणाच्या हातानं? मॅट्रिक झालेल्या उमाबाईंच्या हातानं! मला काही करायचं नव्हतं. नुसतं गप्प उभं राहायचं होतं. मला कोणी बोल लावला नसता.

मी गप्प उभीही राहिले होते, देवाशपथ. पण माझी नजर ताटलीवर गेली. माझी ताटली! काठाला पोचा आलेली, माझ्या हाताच्या सवयीची. पाट घेतला, मामंजी घेतले, आता ही माझी ताटलीसुद्धा घेऊन बसली? माझ्या ताटलीत, माझ्या पाण्यात, ही तिकीट धुणार?

"ठेव ती खाली!" मी ओरडले.

उमा एवढी दचकली की वडी हातातून निसटून मोरीत गेली.

"तिकिटाला पाणी मी लावते या घरात. दे इकडं."

तिनं निमूट दिलं. मी ताटली तीनदा घासून धुतली, साबणाचा वास जाईपर्यंत. मग मामंजींचं भिंग मागवलं. डाग किती खोल गेलाय ते बघितल्याशिवाय मी पाण्यात काही घालत नाही. तिकीट उजेडाला धरलं, भिंगातून बघितलं, आणि बघतच राहिले.

तो ठिपका अनामिकेचा नव्हताच. चंदनावर अंगठ्याच्या रेघा उमटल्या होत्या, मोठ्या, ठसठशीत. आणि त्या सरळ नव्हत्या, गोल फिरलेल्या होत्या. कोणीतरी अंगठा साहेबाच्या दोन्ही डोळ्यांवर टेकवला होता आणि दाबून पिळला होता. विंचू चिरडावा तसा.

"काय झालं, वहिनी? जाईल ना?" उमानं विचारलं.

"जाईल," मी म्हटलं, आणि तिकीट पाण्यात सोडलं. अंगठा पाण्यात विरघळून गेला.

आधी चंदन सुटलं. मग मी दुसरं पाणी घेतलं, त्यात लिंबाचे दोन थेंब पिळले. लाल डाग बघता बघता पिवळा झाला. उमानं "अगबाई!" म्हणून तोंडावर हात ठेवला. मामंजी येऊन उभे राहिले होते, शिलंगणाचं विसरून. मी पुन्हा स्वच्छ पाणी घेतलं, पुन्हा घेतलं, आणि तिकीट टीपकागदावर पालथं घातलं. चेहऱ्यावर पिवळेपणा राहिला होता, कावीळ झाल्यासारखा. "राहू दे," मी म्हटलं. "हळद उन्हाला टिकत नाही. उद्या काचेखाली उन्हात ठेवीन." दुसऱ्या दिवशी अंगणात, कावळ्यांना हाकलत, मी त्या तिकिटाची राखण करत बसले. दुपारपर्यंत साहेब पहिल्यासारखा झाला. हिरवा, स्वच्छ, आणि तसाच रोखून बघणारा.

खरं सांगते, मला वाटलं, आता तरी. संध्याकाळी मी ते तिकीट तळहातावर घेऊन माजघरात गेले. मामंजींनी भिंगातून एकदा बघितलं, दोनदा बघितलं. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या.

"चारुलता," ते म्हणाले. कापला! माझ्यासाठीसुद्धा आवाज कापला त्यांचा! "पाण्याच्या कामात तुझा हात धरणारं कोणी नाही."

माझा पाय पाटाकडे वळलासुद्धा होता.

"उमा, ये गं," ते म्हणाले, "लाव ते त्याच्या जागेवर."

उमा आली. पण बसली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "वहिनी, आज तुम्ही बसा ना."

"अगं, तिला आत कामं असतील," मामंजी म्हणाले. माझ्याकडे बघितलंही नाही. आल्बमाची पानं उलटत होते.

उमा बसली. मी आत गेले.

स्वयंपाकघरात उजेड कमीच होता. सासूबाई भिंतीला टेकून, चष्म्याबिष्म्याशिवाय, सुपात तांदूळ निवडत होत्या. बोटं भराभर चालली होती, खडे पटापट बाजूला पडत होते.

"निघालं का?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"निघालं."

"सगळं?"

"सगळं."

"तुला कोणी सांगितलं होतं काढायला?"

मी त्यांच्यासमोर बसले. म्हटलं, "सासूबाई, देवाला गंध अनामिकेनं लावतात."

"मला शिकवतेस?"

"हे अंगठ्यानं लावलेलं होतं. पिळून."

सुपातली बोटं थांबली. "सांगितलंस तिकडे?"

"नाही."

त्यांनी सूप मांडीवरून खाली ठेवलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "त्या पाटावर तुझ्याआधी कोण बसायचं, ठाऊक आहे? मी. महाबळेश्वरच्या बंगल्यात पहिलं तिकीट मी सोडवलं, भाताच्या पेजेच्या वाटीत. ही ताटली माझ्या रुखवतातली. पोचा माझ्याच हातून आला तिला. तू आलीस, देशांची नावं वाचायला लागलीस, आणि हे मला म्हणाले, 'तुला आत कामं असतील.' मला तर कोणी पाणी आण म्हणूनसुद्धा सांगितलं नाही."

एवढी वर्षं मी तिथं बसत होते आणि आतून वाती वळता वळता या मला बघत होत्या. "बसला का दरबार?" मला ती थट्टा वाटायची.

"मग," मी म्हटलं, "मी आले तेव्हा माझ्या तिकिटाला नाही काही केलंत ते?"

"नाही केलं, असं कोण म्हणतं?" सासूबाईंनी एक खडा उचलून बाजूला टाकला. "निजामाचं तिकीट होतं ना तुझं, माहेरचं? बनुबाईनं उगाच बोलणी खाल्ली, बिचारीनं."

"सासूबाई!"

"ओरडू नकोस. बाहेर ऐकू जाईल."

माझं निजामाचं तिकीट! अण्णांनी स्वतःच्या हातानं पाकिटावरून कापून दिलेलं! मी इतकी चिडले की उठून उभी राहिले. तेवढ्यात बाहेरून मामंजींची हाक आली, "चारुलता, जरा कोमट पाणी आण गं!"

सवयीनं माझा हात ताटलीकडे गेला. सासूबाईंनी माझं मनगट धरलं आणि मला खाली बसवलं. कोपऱ्यातला स्वयंपाकाचा पाट पायानं माझ्याकडे सरकवला. आणि चांगल्या खणखणीत आवाजात, मोतीबिंदू झालेल्या बाईचा इतका खणखणीत आवाज मी कधी ऐकला नव्हता, त्या म्हणाल्या, "तिला आत कामं आहेत!"

बाहेर आल्बमाची पानं उलटायची थांबली. थोड्या वेळानं उमाच उठून आली, पाणी तापवलं आणि आमच्याकडे चोरून बघत ताटली घेऊन गेली. सासूबाईंनी सुपातले अर्धे तांदूळ माझ्यापुढं ओतले. मी निवडायला घेतले. पण निजामाच्या तिकिटाबद्दल मी त्यांच्याशी दिवाळीपर्यंत बोलले नाही.